बारुदीला कोण सांगणार?

नागोजीराव नवे किल्लेदार होऊन आले, तेव्हा त्यांचा तोरा गडाच्या बुरुजाहून उंच होता. तिसऱ्याच दिवशी हातात पेटती गुडगुडी घेऊन, लोखंडी नाल ठोकलेले जोडे वाजवत ते बारुदीच्या कोठारापाशी आले.

राखणदार धुळोजी दारात आडवा आला. आत फरशीवर बारुदीची भुकटी सांडलेली होती. दगडावर नाल घासला की ठिणगी उडते, हे आठवून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"सरकार, विस्तव आणि जोडे बाहेर ठेवायची इथली रीत आहे."

"या गडावर माझ्या हुकमाशिवाय पानही हलत नाही," नागोजीराव म्हणाले. "बाजूला हो, नाहीतर तुझा कडेलोट करीन."

समोर कडा आणि पाठीशी बारूद. तेवढ्यात वारा सुटला आणि गुडगुडीच्या चिलमीतला निखारा फुलला. धुळोजीनं हात जोडले.

"सरकार, तुम्ही कोण ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पण ही बारूद तुमच्या आधी गडावर आलीय, तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. मी आत जाऊन तिला तुमचं नाव सांगतो. तिनं मुजरा केला की मग तुम्ही या."

नागोजीरावांनी निखाऱ्याकडे पाहिलं, मग उंबऱ्याकडे. त्यांनी जोडे अलगद काढले, चिलमीवर स्वतःचा तळहात दाबला आणि ते अनवाणी, चवड्यांवर, एकेक पाऊल मागे सरकू लागले. हात भाजत होता, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. न जाणो, बारुदीनं ऐकलं तर.