ताण्यातली फट

मला सांगा, विश्वास कोणावर ठेवावा, सुंदर बोलणाऱ्यावर की वेळेवर बोलणाऱ्यावर? आम्ही कापडवाले, गोड बोलण्यात आयुष्य गेलं. म्हणून ही गोष्ट मला जरा टोचते.

एकदा एक शिष्य प्राचीन ग्रीसमधल्या एका बंदराच्या गावी आपल्या वृद्ध गुरूंकडे आला. थोरल्या भावाला तो भर पंगतीत ‘अडाणी’ म्हणाला होता. तो भाऊ आता कायमचा परदेशी निघाला होता; वारा फिरला की जहाज सुटणार. शिष्यानं क्षमायाचनेचं भाषण लिहून आणलं होतं, तिसऱ्यांदा.

“गुरुजी, तेवढं शेवटचं वाक्य बघता का? जरा लंगडतंय.”

गुरूंनी ते वाचलंच नाही. त्याला शेजारच्या म्हाताऱ्या विणकरणीकडे नेलं आणि बाण्याच्या, म्हणजे आडव्या दोऱ्याची कांडी त्याच्या हाती दिली. “घाल.”

म्हातारीनं मागाची काठी ओढली. ताण्याचे उभे धागे दुभंगले, मधे फट उघडली. शिष्य आपला दोऱ्याचा पीळ सरळ करतोय. तिनं काठी सोडली, फट मिटली.

“काय रे बाबा, दोऱ्याचं लग्न लावतोस?” ती हसली. “मी किती वेळ ओढून धरू?”

गुरू म्हणाले, “‘कैरॉस’ म्हणजे उचित क्षण, हे तू पाठ केलंस. काही जाणते म्हणतात, तत्त्वज्ञांनी हा शब्द मागावरून उचलला. ही फट म्हणजेच कैरॉस. दोरा कितीही रेशमी असो, फट मिटल्यावर तो बाहेरच. दुसरे म्हणतात, शब्द धनुर्धरांचा. बाण जिथून आत शिरेल ती मोकळी जागा...”

गुरू रंगले. शिष्यही मान डोलवत ऐकत राहिला. एवढ्यात ताणा ताठ राहावा म्हणून खाली टांगलेली मातीची वजनं वाऱ्यानं एकमेकांवर किणकिणली.

“वारा फिरला गं बाई,” विणकरीण म्हणाली.

शिष्य धावत सुटला. धक्क्यावर पोचला तेव्हा जहाज हाकेच्या पलीकडे गेलं होतं. जहाजाच्या कठड्याशी माणसं उभी होती. त्यांतला भाऊ कोणता, हेही ओळखू येईना.

तो परतला. विणकरणीला म्हणाला, “आजी, सुटलेला दोरा नंतर घालता येतो का?”

“येतो की. त्याच्यानंतरचं सगळं उसवलं तर.”

गुरूंनी त्याला जवळ बसवलं. मग म्हणाले, “चूक तुझ्या एकट्याची नाही, बाळ. मी नुसतं ‘जा’ म्हणायला हवं होतं. मी व्युत्पत्ती सांगत बसलो.”

मंडळी, आपण किती छान बोललो, हे लोक सांगतातच. कुठे उशीर केला, त्याचा हिशेब मात्र स्वतःशी खरा ठेवा, एवढी विनंती.