आखाडतळ्याच्या पायऱ्या

त्या पायऱ्यांवर नको, इकडे कट्ट्यावर बसा. तिथे कोणी बसत नाही. सोनवटच्या पठारावर आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, की पाण्यात उतरायला एवढ्या पायऱ्या कशाला? तिन्ही बाजूंनी गोल, रुंद, माणसांनी ओळीने बसावं अशा. त्या बसण्यासाठीच बांधल्या होत्या, असं सांगतात. इथे कुस्त्यांचं मैदान होतं. आणि त्याच्याही आधी तळंच होतं.

त्या काळी खालच्या गढीत हैबतराव देसाई होते. देशोदेशीचे मल्ल बोलवावेत, इराण-हबसाणापर्यंत आपलं नाव जावं, असं त्यांच्या मनात आलं. मैदानाचं काम त्यांनी धाकट्या भावावर, निंबाजीरावांवर सोपवलं. निंबाजीराव सगळं खोरं फिरले. जिकडे तिकडे उतार. सपाट जागा एकच, पठारावरचं हे उथळ तळं. काठावर गवळ्यांची वस्ती होती आणि त्यांच्या म्हशी याच पाण्यावर जगत होत्या.

वस्तीत ठकूबाई नावाच्या म्हातारीचा शब्द चालायचा. ती म्हणाली, "तळं बुजवलं तर आमची जनावरं कुठं जातील, धाकले सरकार?"

"पाहुणे गेले की मैदानाच्या पायऱ्यांचेच दगड काढून शेजारी मोठं तळं बांधून देतो," निंबाजीराव म्हणाले. गुडघाभर पाण्यात उतरून, ओंजळीत पाणी घेऊन त्यांनी शब्द दिला. मग गवळ्यांनीच बांध फोडला, गवळ्यांनीच माती वाहिली, म्हणे.

कुस्त्या अशा झाल्या की परमुलखातले मल्ल पायऱ्यांना हात लावून नमस्कार करून गेले. शेवटच्या दिवशी भरल्या सभेत हैबतरावांनी भावाच्या खांद्यावर मानाची शाल घातली आणि म्हणाले, "हे मैदान असंच राहील. पुढच्या पिढ्यांनी बघावं. यातला एक दगड हलता कामा नये."

निंबाजीरावांनी तेव्हा बोलायला हवं होतं. पण त्यांनी शाल सावरली आणि मान डोलावली.

उन्हाळा आला. म्हशी मरायला लागल्या. गवळ्यांनी दोनदा गढीवर निरोप धाडला, आणि दोन्ही वेळा निंबाजीरावांनी आपण घरात नाही असं सांगायला लावलं. शेवटी वस्ती उठली. घाटाच्या वळणावर नेमके निंबाजीराव घोड्यावरून समोर आले. आता शिव्याशाप ऐकावे लागणार म्हणून त्यांनी मान खाली घातली. पण ठकूबाईने डोक्यावरचं गाठोडं सावरत साधेपणाने विचारलं, "कुस्त्या चांगल्या झाल्या ना, धाकले सरकार? पाहुणे खूश होऊन गेले?"

निंबाजीराव घोड्यावरून खाली उतरले. तोवर ती वाटेला लागली होती.

ते तसेच वर आले, शाल काढून ठेवली आणि मैदानाच्या मधोमध कुदळ घातली. आधी एकटेच खणत होते. मग गढीतले मल्ल येऊन हात लावू लागले. हैबतराव एकदा वरच्या पायरीवर येऊन बघून गेले. त्यांनी अडवलं नाही, मदतही केली नाही. पायऱ्या काढायच्या का, असं मल्लांनी विचारलं तेव्हा निंबाजीराव म्हणाले, "राहू द्या. आपण काय केलं ते दिसू दे."

पावसाळ्यात तळं भरलं. निंबाजीराव अनवाणी डोंगरापलीकडे गवळ्यांना आणायला गेले. ठकूबाई वाटेतच वारली होती. तिच्या लेकाने त्यांना घोंगडी अंथरली, ताक दिलं, सगळं ऐकून घेतलं. "पाणी आलं, बरं झालं," तो म्हणाला. "पण आता आम्ही इथले झालो, सरकार." निंबाजीराव एकटेच परत आले, असं सांगतात.

आजही जत्रेच्या कुस्त्या पठारावर होत नाहीत, खाली गढीसमोर होतात. शेवटची कुस्ती मारणाऱ्याला इथे कोणी खांद्यावर घेत नाही. तो आणि देसायांच्या घरातला एक जण या तळ्यावर येऊन घागरी भरतात आणि त्या पलीकडच्या काठावरच्या माळावर नेतात. तिथे गवळ्यांच्या घरांची नुसती जोती उरली आहेत. एकेका जोत्यावर एकेक घागर ठेवायची, आणि पाणी घ्यायला कोणी येतं का, म्हणून ऊन उतरेपर्यंत उभं राहायचं.

कोणी येत नाही. मग ते खाली उतरतात.