पहिल्या हाकेला ओ

हसा, हसा मंडळी. सहलीची प्रत्येक बस उंबळगडाच्या या दरवाजात आली की हसतेच. तुमच्यातल्या या ताईंनी गंमत म्हणून "कोण आहे का?" अशी हाळी दिली, आणि खालच्या वाडीतून, शेतातून, टाक्यावर धुणं धुणाऱ्या बायकांनीसुद्धा ओ दिली. तुम्हाला वाटलं, माणसं मोठी अगत्याची. अगत्य कसलं, बाबांनो! लाज आहे ती आमची. बसा सावलीला, सांगतो.

आमचं आडनाव कवाडे. हा दरवाजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच घराकडे. फार जुन्या काळी गडाला वेढा पडला, असं सांगतात. धान्य संपलं. तेव्हा दारावर हैबती कवाडे होता. त्याचा धाकटा भाऊ सुभाना दोर लावून कड्यावरून उतरला, धान्य आणायला. पुष्कळ दिवस गेले आणि खालून बातमी आली, सुभाना मारला गेला.

हैबतीनं रडतभेकत दहावं घातलं. पण पिंडाला कावळा काही शिवेना. "सुभाना, तुझी पोरं मी सांभाळीन," असं तो हात जोडून म्हणाला म्हणे. तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. सगळे म्हणाले, जीव अडकलाय त्याचा, आता तो फिरणार. अहो, जिवंत माणसाच्या पिंडाला कावळा शिवेल कसा? पाखराला कळलं, आम्हा शहाण्यांना नाही कळलं!

पुढं एकदा दिवेलागणीला दाराबाहेरून हाक आली, "दादा!" हैबतीनं आवाज ओळखला. अडसराला हातही घातला. पण लोकांनी त्याला मागं ओढला. "ओ देऊ नकोस! भूत तिसरी हाक मारत नाही. तिसरी येऊ दे." पुन्हा बारीकशी हाक आली, "दादा, मी आहे." मग सगळे तिसरीची वाट बघत बसले. ती आलीच नाही. आणि हैबतीला हायसं वाटलं म्हणे. इथं माझी मान खाली जाते बघा. सख्ख्या भावाची हाक थांबली आणि त्याला हायसं वाटलं!

उजाडल्यावर दार उघडलं. सुभाना दाराला टेकून बसलेला, पोटात जखम, मांडीवर नाचणीचं गाठोडं. वेढ्यातून कसा निसटला देव जाणे, पण त्याच्यात दोनच हाकांपुरता दम उरला होता. त्या नाचणीची आंबील गडावरच्या पोरांना पाजली. पाजताना कुणी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही, असं सांगतात.

हैबतीनं त्याच दिवशी शपथ घातली, माणसाची असो की भुताची, या गावानं पहिल्याच हाकेला ओ द्यायची. भूत आलं तर येऊ दे घरात.

आजही दर अवसेला दिवे लागताना आमच्या घरातला थोरला या दाराबाहेर बसतो आणि "दादा" अशी एकच हाक मारतो. आतून सगळं गाव ओ देतं. दार उघडणाऱ्यानं म्हणायचं, "उशीर झाला रे." बाहेरच्यानं त्यावर काही बोलायचं नसतं. हल्ली मीच बसतो. दर वेळी जिभेवर येतं, "असू दे, दादा." पण ते मी कोण म्हणणार? ते सुभानानं म्हणायचं होतं.