पडलेल्या बागेचं सरपण

गारपिटीत हौसाबाईची द्राक्षबाग भुईसपाट झाली, पण भरपाईच्या यादीत तिचं नाव नव्हतं. यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचा, असा तिनं हट्टच धरला. पहिलं नाव निघालं सरपंच उत्तमरावांचं. दोन एकर द्राक्षबाग, पूर्ण नष्ट.

"ऐकलीस ना? बस आता खाली," उत्तमराव गुरगुरले.

"बसते की, अण्णा. माझ्या एका एकराच्या खोडांवर चार महिने चूल पेटतेय. तुमच्या दोन एकरांचं सरपण कुठं पडलंय तेवढं दाखवा, आम्ही बाया आत्ता उचलून नेतो."

बाया पदर खोचून उठल्या. गावातल्या प्रत्येक बागेत त्यांनी छाटणी केली होती. उत्तमरावांच्या रानात द्राक्षाचा एकही वेल कधी नव्हता. सरपंचांना वाट दाखवता येईना.

चौकशी लागली, ती अजून चालूच आहे. तोवर हौसाबाईच्या चुलीत तिच्या बागेचं शेवटचं खोडही जळून गेलं.