पाहुण्यांची कोठी आणि माळावरची टिटवी

एका जंगलाला लागून एक उघडाबोडका माळ होता आणि त्या माळावर एक टिटवी राहत असे. झाड नाही, झुडूप नाही, जिकडे पाहावे तिकडे मुरूम आणि खडे. त्या खड्यांतच ती अंडी घाली आणि कोणी पन्नास पावलांवर आले, की आभाळात उडून ओरडू लागे, "कोण? कोण? कोण रे ते?" येणारा वाघ असो की वाट चुकलेले वासरू, टिटवीला सगळे सारखेच. तिच्या ओरडण्याला सारे जंगल कंटाळले होते. सकाळी सकाळी तो आवाज कानी पडला, तर अपशकुन झाला म्हणून कित्येक जण परत बिळात शिरत. पण मुलांनो, मला विचाराल तर त्या जंगलात तिच्याइतके शहाणे दुसरे कोणी नव्हते. का, ते ऐका.

माळावर एक जुने तळे होते. त्यात पूर्वी बारमाही पाणी असे म्हणतात, पण वर्षानुवर्षे गाळ साचत गेला आणि आता हिवाळ्यातच नुसता चिखल उरे. उन्हाळा लागला की ससे, लावे, साळिंदरे अशी सगळी माळकरी मंडळी नदीकाठी जात आणि दुसऱ्यांच्या दारी अंग चोरून दिवस काढत. गेलेल्यांपैकी काही जण परतच येत नसत. यंदा तर टिटवीच्या शेजारच्या साळिंदराने साफ सांगून टाकले, "टिटवे, या खेपेला जाणार तो कायमचा. आमचं सगळ्यांचं ठरलंय. तूही चल."

टिटवी विचारात पडली. टिटवीला झाडावर बसता येत नाही, तिची बोटेच तशी नसतात. नदीकाठच्या गर्द झाडीत ती राहणार कुठे? आणि सगळे गेल्यावर या माळावर एकटी करणार काय? तिची आई याच खड्यांत अंड्यातून बाहेर आली होती, आईची आईसुद्धा. माळ ओस पडला तर तिला घर म्हणून जगात काही उरणार नव्हते.

आता त्या जंगलाची एक रीत सांगायला हवी. सुगीनंतर प्रत्येक प्राणी आपल्या धान्यातला थोडा वाटा सिंहमहाराजांच्या कोठारात आणून टाकी. कोठार म्हणजे जुन्या उंबराच्या तीन ढोली. पहिली दुष्काळासाठी, दुसरी म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी आणि तिसरी पाहुण्यांसाठी. बाहेरच्या पशुपक्ष्यांची एखादी मोठी सभा आपल्या जंगलात भरावी, म्हणून ज्या वस्तीला ती भरवायची असेल तिला या तिसऱ्या कोठीतून धान्य मिळे. "आपलं धान्य परक्यांच्या पोटात कशाला?" असे कुरकुरणारे तिथेही होतेच. पण सिंह म्हणे, "पाहुणा खातो तेवढंच तुम्हाला दिसतं. तो चार दिवस राहतो, चार ओळखी करतो, चार नव्या बिया सांडून जातो आणि पुढच्या खेपेला सोबत आणखी दोघांना आणतो." मोठा दूरदृष्टीचा राजा होता तो. आणि कोठीची राखण करायला त्याने नेमली होती एक मुंगी. तिच्या हातून एक दाणा फुकट जाणे शक्य नव्हते.

त्या वर्षी बातमी आली की करकोचे सभेसाठी नवी जागा शोधत आहेत. दर हिवाळ्यात हे उंच पायांचे पक्षी उत्तरेकडून हजारोंनी या मुलखात येत आणि परतीला निघण्याआधी सगळे थवे एके ठिकाणी जमून आठ दिवस सभा भरवत. कोणत्या खिंडीतून जायचे, पुढे कोणी उडायचे, कुठे पाणी आटले, कुठे चारा मिळतो, सगळे तिथे ठरे. एवढी मोठी सभा आपल्याकडे भरावी असे कोणाला वाटणार नाही? सिंहाने दरबार बोलावला.

नदीकाठचा मोर पुढे आला. "महाराज, कोठी आम्हाला द्या. आम्ही वेलींची कमान उभारू, फुलांचे मंडप घालू आणि मी स्वतः नाचेन. पाहुणे बघतच राहतील!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागून आवाज आला, "महाराज, कोठी माळाला द्या."

टिटवीला पाहून मोराला हसू आवरेना. "जिचा आवाज ऐकून लोक घरात शिरतात, ती पाहुण्यांना बोलावणार?" दरबारात खसखस पिकली.

सिंह मात्र हसला नाही. "बाई, तुझ्या माळावर पाहुणे उतरतील कुठे? तिथे एक झाड नाही."

"करकोचा झाडावर बसतच नाही, महाराज. मी दर हिवाळ्यात बघते ना. थवे माझ्या डोक्यावर येतात, तीन-तीन घिरट्या घालतात, तळ्यात डोकावतात, चिखल दिसला की निघून जातात. त्यांना मोकळं रान हवं आणि घोटाभर पाणी हवं. रान आमच्याकडे हवं तेवढं आहे. पाणी नाही."

तेव्हा कोठीवरच्या मुंगीने तोंड उघडले. ती फार बोलत नसे. "मी एवढंच विचारते. पाहुणे खाऊन पिऊन गेले, की मागे काय उरेल?"

"आठवणी!" मोर म्हणाला.

"तळं," टिटवी म्हणाली.

मुंगीने सिंहाकडे पाहिले. सिंहाने क्षणभर आयाळ खाजवली आणि म्हणाला, "नदीकाठी पाहुणे एरवीही येतात. माळावर कोणी जात नाही. कोठी माळाला दिली. पण ऐक बाई, पाहुणे आले नाहीत तर पुन्हा माळासाठी मागायला येऊ नकोस. आणि मग तुझ्या मंडळींना नदीकाठी जागा मी स्वतः नेमून देईन."

टिटवीने मान लववली. एवढ्या दरबारात एवढीशी ती, पण "कबूल" म्हणाली आणि माळाकडे उडाली.

दुसऱ्या दिवसापासून तळ्याचा गाळ उपसायला सुरुवात झाली. कोठीतल्या धान्यावर साळिंदर, घुशी, उंदीर, ससे सगळे खपू लागले. साळिंदर पहिल्याच दिवशी म्हणाले, "खणतो, पण जाण्याचा बेत कायम आहे हं माझा." "असू दे," टिटवी म्हणाली, "जाता जाता खण." ती स्वतः चोचीने एकेक खडा उचलून काठावर रचत होती. पंधराव्या दिवशी खाली खडक लागला आणि खडकाच्या फटीतून झुळझुळ पाणी वर आले. किती वर्षे गाळाखाली गाडला गेला होता तो झरा! साळिंदराने पाण्यात तोंड बुडवले, वर पाहिले आणि पुन्हा खणू लागले. महिनाभरात तळे घोटाभर भरले. उरलेले धान्य टिटवीने पाहुण्यांसाठी माळभर पसरून ठेवले आणि घारीकरवी करकोच्यांना आवतण धाडले.

आता एकच काळजी होती आणि ती टिटवीला स्वतःचीच होती. तिने माळावरच्या सगळ्या टिटव्यांना गोळा करून बजावले, "पाहुणे येतील तेव्हा कोणी ओरडायचं नाही. चोच घट्ट मिटून बसायचं." तीन दिवस तिने स्वतः सराव केला. ससा जवळून गेला तरी गप्प. घोरपड गेली तरी गप्प. तिसऱ्या दिवशी बिचारीचा गळा दुखायला लागला.

चौथ्या दिवशी सकाळी आभाळ भरून आल्यासारखे दिसले. करकोचे! रांगांमागून रांगा. साळिंदर आनंदाने काटे खुळखुळवू लागले. थव्याने एक घिरटी घातली, दुसरी घातली, पाय खाली सोडले. हजारो पंख एकदम खाली येताना टिटवीने पाहिले, खड्यांतली आपली अंडी आठवली आणि तिला कळायच्या आत तिच्या तोंडून निघाले, "कोण? कोण? कोण रे ते?"

झाले! तिने तोंड उघडताच माळावरच्या साऱ्या टिटव्या उठल्या आणि सगळीकडे एकच गिल्ला झाला. बिचकलेल्या थव्याने पाय वर घेतले, वळण घेतले आणि तो नदीकडे निघाला. तिकडे मोराने ते पाहिले आणि लगेच पिसारा फुलवला.

"केलंस ना!" साळिंदर म्हणाले. त्याच्या डोळ्यांत पाणी होते.

दुसरी कोणी असती तर खड्यांत तोंड लपवून बसली असती. टिटवीला लाज वाटली, फार वाटली, पण ती लाज घेऊन ती थव्यामागे उडाली. करकोच्यांचे पंख केवढे आणि तिचे केवढे! तरी धापा टाकत तिने सर्वांत पुढच्या म्हाताऱ्या करकोच्याला गाठले.

"थांबा, आजोबा! तुम्हाला मीच बोलावलं आणि मीच हाकललं. रागावलात तर माझ्यावर रागवा. माळावर राग काढू नका. तळं बघा केवढं केलंय सगळ्यांनी मिळून."

"मग ओरडलीस कशाला?"

"खोड आहे. डोळ्यांपुढे काही हललं की ओरडते. आवरायला गेले, आवरलं नाही. तुम्ही उतरलात तरी आठ दिवसांत आणखी दहा वेळा ओरडेन. खोटं कशाला सांगू?"

म्हातारा करकोचा तिच्याकडे निरखून पाहू लागला. "कोणालाही बघून ओरडतेस?"

"कोणालाही. सिंहमहाराजांनासुद्धा."

"आणि कोल्ह्याला?"

"तो मेला तर मैलभरावरून दिसतो. आमच्याकडे लपायला झुडूप कुठे आहे?"

म्हाताऱ्याने पंखांची गती कमी केली. "बाई, जुन्या जागी दाट झाडी होती. गेल्या साली सभा रंगात आली आणि झाडीतून कोल्हे आले. आमचे सात जण गेले. त्याआधीच्या साली चार. त्यात माझा भाऊ होता. तेव्हापासून आम्ही जागा शोधतोय. आम्हाला कमान नको आणि मंडपही नको. रात्री डोळा लागेल अशी जागा हवी." मग मान मागे वळवून तो साऱ्या थव्याला ऐकू जाईल असे ओरडला, "फिरा रे! माळावर चला!"

आठ दिवस सभा चालली. टिटव्या माळाच्या चारी बाजूंना बसल्या आणि मध्ये करकोचे निवांत पाण्यात उभे राहून बोलत राहिले. कोल्हा तीनदा आला आणि तिन्ही वेळा एवढा बोभाटा झाला की शेपूट घालून परत गेला. ज्या आवाजाला जंगल अपशकुन म्हणे, तो कानावर पडला की पाहुणे आता निर्धास्त होत. जाता-येता त्यांनी आसपासचे सगळे टोळ वेचून फस्त केले. एरवी हेच टोळ माळाचे गवत उभे राहू देत नसत. पाहुण्यांच्या विष्ठेचे खत झाले, ते वेगळेच. पाचव्या दिवशी मोर संकोचत आला आणि म्हणाला, "टिटवीबाई, मी नाचलो तर चालेल का?" "चालेल काय, नाचाच!" टिटवी म्हणाली. आणि खरे सांगायचे तर तो नाच फार सुरेख झाला. पाहुण्यांनी चोची वाजवून दाद दिली.

निघताना म्हातारा करकोचा टिटवीला म्हणाला, "पुढल्या वर्षी येतो. बदकं विचारत होती, त्यांनाही घेऊन येतो. तेवढी खोड मात्र सोडू नकोस."

उन्हाळा आला. नदीकाठी जायच्या दिवशी साळिंदर सकाळपासून तळ्याच्या काठी बसून होते. टिटवीने भीत भीत विचारले, "निघालास का रे?" "कुठे?" साळिंदर म्हणाले आणि पाण्यात पाय सोडून बसले. त्या वर्षी माळावरून एकही जण गेला नाही. मागच्या वर्षी गेलेले दोन ससे मात्र पोराबाळांसकट परत आले.

वैशाखात मुंगी पाहणीला आली. तिने गवताची काडी पाण्यात उभी केली, कुठवर भिजली ते पाहिले आणि दरबारात जाऊन एवढेच सांगितले, "महाराज, उरलं आहे."

हे ऐकून सिंह स्वतः माळ पाहायला निघाला. तळ्याच्या पाण्यावर ऊन चमकत होते. काठाला हिरवे गवत होते आणि त्यात परमुलखातली कसली कसली रोपे उगवली होती. शाबासकी द्यावी म्हणून महाराज आणखी चार पावले पुढे झाले, तोच डोक्यावर कल्लोळ उठला, "कोण? कोण? कोण रे ते?"

सोबतचे दरबारी चपापले. सिंहाने उचललेला पंजा तसाच हवेत धरला आणि खाली पाहिले. खड्यांत खड्यांसारखीच चार अंडी होती. त्याने पंजा हळूच मागे घेतला, वळसा घातला आणि दूरच्या काठाने पाणी पाहून परत गेला. दरबारात पोहोचल्यावर तो मुंगीला म्हणाला, "पुढच्या सालची कोठीही माळालाच."

तात्पर्य : पाहुण्यांसाठी उघडलेले कोठार अशाच्या हाती द्यावे, ज्याला आपल्या जागेचे गुण आणि पाहुण्यांची गरज दोन्ही ठाऊक आहेत, मग पाहुणे पुन्हा येतात आणि ते गेल्यावरही गाव भरलेले राहते.