दोर कोणाच्या हाती

कृष्णाकाठच्या एका पेठेत एकदा एका हळदीच्या व्यापाऱ्याला कर भरण्याचा भारी वीट आला. नाव त्याचं आदाप्पा. माणूस सचोटीचा, पण तिन्हीत्रिकाळ जप एकच: हा कर, तो कर, वर बाजार समितीचा सेस, वर नगरपालिकेची पट्टी. जेवायला बसला तरी पहिला घास कराच्या नावाने. घरचे कंटाळले होते, पण शेठला सांगणार कोण?

अशात समुद्रापलीकडच्या एका शहरातून एक गृहस्थ आले. मूळचे इकडचेच, तिकडे स्थिरावलेले. इथल्या व्यापाऱ्यांना तिथे पेढी थाटून देणं हा त्यांचा व्यवसाय. त्या शहरात मिळकतीवर कर जवळपास नाहीच, कागदपत्रं झटपट होतात आणि कोणी कोणाच्या अध्यातमध्यात नसतं. आदाप्पाच्या मनाने घेतलं. इथली पेढी मोडायची, पेवं विकायची आणि बिऱ्हाडासकट तिकडे जायचं. सही तेवढी राहिली होती.

सही करण्यापूर्वी तो आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला. लहानपणी त्याने अक्षरं त्यांच्याकडेच गिरवली होती. खरं सांगायचं तर त्याला सल्ला नको होता, होकार हवा होता. वडीलधाऱ्यांकडे आपण बहुतेक वेळा त्यासाठीच जातो की.

"गुरुजी, मी काही चोरी करत नाही," तो म्हणाला. "सगळं कायद्यात बसतं."

"बसतं ना. मी कुठे नाही म्हणतोय?"

"मग आशीर्वाद द्या."

"देतो. उद्या सकाळी एक पेव उघडून ठेव. मी येतो. त्या पाहुण्यांनाही घेऊन ये."

ज्यांनी पेव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत खोल खणलेलं हे हळदीचं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं. त्या मातीत हळद वर्षानुवर्षं राहते, कीड लागत नाही. मात्र बंद पेवातली हवा विषारी होते. म्हणून ते उघडून बराच वेळ तसंच ठेवतात, मग आत कंदील सोडून तो विझतो का ते पाहतात, आणि त्यानंतरच माणूस कमरेला दोर बांधून उतरतो.

दुसऱ्या दिवशी हे सगळं यथासांग झालं. कंदील तेवत वर आला. गुरुजी म्हणाले, "आदाप्पा, आज तू उतर. तळाची मूठभर हळद घेऊन ये."

आदाप्पा चकित झाला. आशीर्वादाचा आणि पेवात उतरण्याचा काय संबंध? पण गुरुजींचा शब्द मोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. तरुणपणी वडिलांबरोबर तो कितीदा तरी उतरला होता. त्याने दोर कमरेला बांधला. दोराचं दुसरं टोक गुरुजींनी उचललं आणि शांतपणे पाहुण्यांच्या हातात दिलं.

पेवकऱ्यांची एक रीत आहे. उतरणारा काठावर बसून वरच्याला नावाने हाक मारतो आणि विचारतो, दोर धरलास का? 'धरलाय' असं ऐकल्याशिवाय पाय आत सोडायचा नाही. खाली माणूस गुदमरला तर ओरडायला सवड मिळत नाही. वरच्याने नुसत्या दोरावरून ओळखून त्याला खेचायचं असतं.

आदाप्पा काठावर बसला. हाक मारायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. पाहुणे अंगापिंडाने मजबूत होते, सज्जनही होते. तरी त्याचे पाय आत जाईनात. तो ओशाळला.

"गुरुजी, यांच्या हाती नको. बाबालालला बोलवा."

पाहुण्यांना राग आला नाही. ते म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. मला यातलं काही कळत नाही. आणि आमच्याकडे कोणी कोणाचा दोर धरतही नाही."

बाबालाल पेढीचा जुना हमाल. तो आला, त्याने दोर हाती घेतला. आदाप्पा हाक मारणार इतक्यात गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू दे, बाळ. उतरू नकोस. पाहुण्यांनी आत्ता जे सांगितलं तेच त्यांच्या शहरात कर नसण्याचं कारण. त्यात पाप नाही. धडधाकट माणसाला ते शहर सोयीचं आहे. इथे तू भरतोस त्यातलं काही वाया जातं, काही खाणारे खातात, हे मी जाणतो. त्यावर भांड, अवश्य भांड. पण पेठेत आग लागली तेव्हा बंब त्यातूनच आला, आणि तुझे वडील शेवटी ज्या दवाखान्यात होते तोही त्यातूनच उभा आहे. तुझ्या कराचा दोर तुला फक्त काचतो, कारण सध्या तू काठावर आहेस. माझा आशीर्वाद तुला दोन्हीकडे आहे. जाण्यापूर्वी एवढंच ठरव, तिथे उतरायची वेळ आली तर हाक कोणाला मारशील?"

 आदाप्पाला वडील आठवले, आणि डोळे भरून आले.

बाबालालला या तत्त्वज्ञानाशी कर्तव्य नव्हतं. पेव उघडलंच आहे तर थोडा माल काढून घेऊ, असं म्हणत त्याने आदाप्पाच्या कमरेचा दोर सोडवून स्वतःच्या कमरेला बांधला आणि काठावर बसला. गुरुजी थकलेले, पाहुणे नवखे; दोर धरायला आसपास दुसरं कोणी नव्हतं. त्याने सवयीने हाक मारली.

"आदाप्पाशेठ, दोर धरलात का?"

इतका वेळ आदाप्पा विचार करत होता तो स्वतःला कोण धरील याचा. आपल्यालाही कोणी हाक मारील, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याने दोराचं दुसरं टोक उचललं, वळसा कमरेभोवती घेतला, टाच मातीत रोवली.

"धरलाय. उतर."

बाबालाल दिसेनासा झाला. पाहुण्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि हळूच विचारलं, "शेठ, मग सहीचं काय करायचं?"

आदाप्पाने मान वळवली नाही. खाली माणूस असताना दोरावरची नजर काढायची नसते.