सुरंगीचा वळेसर

एकदा एका खाडीकाठच्या बाजारगावात, माघातल्या एका साध्या सकाळी, एक वृद्ध फुलमाळी आणि त्याचा शिष्य केळीचे सोपट पाण्यात भिजत घालीत बसले होते. केळीच्या खोडाच्या या वाळक्या धाग्यात फूल बांधले की त्याचा देठ कापला जात नाही. ते काम रोजचेच होते. कालच्यासारखेच ऊन पडवीत आले होते आणि शिष्य नेहमीप्रमाणे पाणी सांडीत होता.

इतक्यात सुपारीच्या व्यापाऱ्याकडचा हमाल पायरीपाशी येऊन उभा राहिला. त्याने डोक्याचे मुंडासे काढले.

"शेठच्या घरून आलोय आबा. लग्नाच्या फुलांचं सध्या राहू द्या. आज दुसरी लागतील. काकी पहाटे गेल्या."

शिष्याच्या हातातले सोपट तसेच राहिले. काकी, म्हणजे त्या व्यापाऱ्याची पत्नी, आदल्या संध्याकाळी याच पडवीत बसल्या होत्या. त्यांच्या मुलीचे, शालनचे, लग्न बारा दिवसांवर आले होते. हार ठरले होते, मुंडावळ्या ठरल्या होत्या. नवरीच्या अंबाड्याभोवती वळेसर, म्हणजे गजरा, कोणत्या फुलांचा माळायचा, एवढेच ठरत नव्हते. त्यासाठी काकी सलग पाच संध्याकाळी आल्या. एकेक फूल उचलीत, तळहातावर ठेवीत, पुन्हा टोपलीत टाकीत.

"काकी," वृद्ध म्हणाला होता, "फूल माळायचं आहे, जावई निवडायचा नाही."

"जावई एका बैठकीत निवडला हो आबा. फुलालाच वेळ लागतोय. उद्या नक्की सांगते. हसू नका आता," असे म्हणून त्या स्वतःच हसत उठल्या होत्या.

घरात मृत्यू झाला की ठरलेले लग्न वर्षाच्या आत उरकावे, नाही तर तीन वर्षे थांबावे, अशी त्या भागाची रीत होती. वराकडच्यांनी समजूतदारपणे फाल्गुनातला मुहूर्त धरला. दिवसकार्य आटोपल्यावर व्यापारी स्वतः फुलमाळ्याकडे आला. वृद्ध तेव्हा मळ्यात होता. पडवीत शिष्य एकटाच होता.

व्यापारी बसेना. या टोपलीपासून त्या टोपलीपर्यंत फेऱ्या मारू लागला.

"ती इथं येत होती ना रोज? काय ठरवलं होतं तिनं?"

"शेठ, बसा तरी."

"बसायला नाही आलो. घरात प्रत्येकाला विचारलं. कुणाला काही बोलली नाही. तुला बोलली असेल. शेवटचं तिनं जे ठरवलं, ते तरी मला करू दे. मला दुसरं काही सुचत नाही रे."

तो पुन्हा टोपल्यांपाशी गेला, पुन्हा परतला. शिष्याला ते बघवेना.

"सुरंगी," तो म्हणाला. "काकींनी सुरंगीचा वळेसर सांगितला होता."

व्यापारी थांबला. इतक्या वेळात पहिल्यांदाच ओट्यावर टेकला. "सुरंगी," तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला, आणि मग मोकळेपणाने रडला. जाताना त्याने शिष्याच्या खांद्यावर हात ठेवला. आपल्या हातून एक चांगले काम झाले, असे शिष्याला वाटले. त्याने वृद्धाला ते सांगितलेही. वृद्धाने ऐकून घेतले आणि विचारले, "त्या खरंच म्हणाल्या होत्या?"

"नाही. पण शेठ शांत झाले."

वृद्ध टोपल्या उचलून आत नेऊ लागला.

लग्नाच्या दोन दिवस आधी, भर दुपारी शालन आली. पदर डोक्यावरून ओढलेला, चेहरा ओढलेला. ती थेट वृद्धासमोर बसली.

"आबा, एक विचारू? आईनं सुरंगी सांगितली, तेव्हा तिचा आवाज कसा होता?"

"असं का विचारतेस, बाय?"

"तिला सुरंगीचा वास सोसायचा नाही. डोकं धरून बसायची. आमच्या घरात सुरंगी कधी आली नाही." शालनने पदर सावरला. "ती गेली त्याच्या आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. साडीवरून. मी म्हटलं, तुला आवडतं त्यातलं काहीसुद्धा मला नको. म्हणूनच तिनं हे सांगितलं ना? तिला नकोसं होतं, तेच माझ्या डोक्यावर ठेवलं. रागावूनच गेली ती."

शिष्य पलीकडे मोगऱ्याच्या कळ्या वेचत होता. त्याचे कान तापले. आता बोलावे, असे त्याला वाटले. पण तो कळ्याच वेचत राहिला. वृद्धाने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि वाट पाहिली. मग तो शालनला म्हणाला, "घरी जा, बाय. उद्या आम्ही येतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे शिष्य उठून सुरंगीच्या झाडाकडे निघाला. उन्हाने कळ्या उमलण्याआधी त्या तोडाव्या लागतात. वृद्धाने त्याला हाताने अडवले. वळेसर न्यायला ठेवलेल्या नव्या वेताच्या टोपलीत ओले केळीचे पान अंथरले आणि ती शिष्याच्या हातात दिली.

"चल. शेठकडे पोचवायची आहे."

"आबा, रिकामी?"

"हो."

"मांडवात पाहुणे जमलेत. रिकामी टोपली घेऊन गेलो तर मारतील मला."

"मारतील कदाचित. नीट धर, पान सरकतंय."

व्यापाऱ्याच्या अंगणात मांडव उभा होता. बायका हळद कुटत होत्या. "आली फुलं!" म्हणून कुणी ओरडले. व्यापारी पुढे आला, त्याने टोपलीत डोकावून पाहिले.

"यात काय आहे?"

शिष्याने वृद्धाकडे पाहिले. वृद्ध मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता.

"काही नाही," शिष्य म्हणाला. "काकींनी सुरंगी सांगितली नव्हती, शेठ. त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. मी खोटं बोललो."

मुसळ थांबले. व्यापाऱ्याचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. "माझी बायको गेली आणि तुम्ही तिच्या नावावर काहीही खपवता? एवढी एकच गोष्ट माझ्याकडे होती! तीही काढून घेतलीस?"

तोवर शालन उंबऱ्यात आली होती.

"काहीच सांगितलं नव्हतं?" तिने विचारले.

"उद्या सांगते म्हणाल्या. हसत होत्या," शिष्य म्हणाला. "आबांनी त्यांची थट्टा केली होती."

शालन उंबऱ्यातच खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन हुंदके देऊ लागली. "हसत होती, बाबा," ती वडिलांना म्हणाली. "ती हसत होती." भांडणाची गोष्ट तिने त्यांना तेव्हा प्रथमच सांगितली. व्यापारी तिच्याजवळ गेला. टोपलीचे भान कुणालाच उरले नाही.

परतताना शिष्य म्हणाला, "मी त्यांच्या दुःखावर फुंकर घालायला गेलो होतो, आबा."

"सुरंगीच का सांगितलीस?"

"सुचली."

"तुला सगळ्यात सुबक वळेसर सुरंगीचाच जमतो. म्हणून सुचली." वृद्ध म्हणाला. "शेठ फेऱ्या मारत होते आणि तुला ते सोसत नव्हतं. तुला तुझी तगमग थांबवायची होती. दुःखी माणसापुढे उत्तर नसताना बसून राहणं फार जड असतं. मग आपण जवळ असेल ते देऊन टाकतो आणि त्याला धीर म्हणतो. पण गेलेल्या माणसाच्या तोंडी घातलेला शब्द त्याला परत घेता येत नाही. ती पोर महिनाभर आईचा राग वाहत होती, आणि आईला त्याचा पत्ताही नव्हता. काकी एक गोष्ट अर्धी ठेवून गेल्या. ती अर्धीच त्यांची आहे. आपण पुरी केली की ती आपली होते."

"मग शेठना मी काय सांगायला हवं होतं?"

"ठाऊक नाही, असं. आणि त्यांच्याबरोबर फेऱ्या मारायला हव्या होत्या."

संध्याकाळी शालनचा निरोप आला: मला अबोली आवडते, तीच पाठवा. शिष्याने अबोलीची वेणी बांधली. ती त्याला तितकीशी जमत नसे. दोनदा उसवून पुन्हा बांधावी लागली.

लग्न ठरल्या मुहूर्तावर लागले. पंगती उठल्यावर व्यापारी पुन्हा फुलमाळ्याच्या पडवीत आला. शिष्याकडे त्याने पाहिले नाही. टोपल्यांपाशी उभा राहून वृद्धाला म्हणाला, "आबा, त्या पाच दिवसांत तिनं कुठलं फूल जास्त वेळ हातात धरलं होतं?"

"सगळीच धरली होती, शेठ."

व्यापारी फेऱ्या मारू लागला. शिष्य उठला आणि त्याच्या शेजारून चालू लागला.

जवळचे माणूस गेल्यावर उत्तरे देणारे पुष्कळ भेटतात. शेजारून चालणारे थोडे. काकींनी मुलीसाठी कोणते फूल घेतले असते, हे ठरायचे राहिले ते राहिलेच.